राणीची ओटी

माझ्या सासूबाईंच्या लग्नातलं डाळिंबी इरकली लुगडं त्यांच्यापेक्षा माझ्या सासऱ्यांच्याच अंगावर जास्त वेळा चढलं. हे ऐकून कुणी हसलं तर मी रागावत नाही. लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा पहिल्याच जत्रेत हसून हसून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझं माहेर भोरचं. भोर म्हणजे संस्थान, राजवाडा, मुलींची शाळा; आम्ही भोरची माणसं स्वतःला पुण्याच्या खालोखाल समजत असू. अशी मी, चौथी शिकलेली आणि तोंडाची फटकळ, वेल्ह्याच्या अलीकडे तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात दिली गेले. गावात भातखाचरं, गुरं, मारुतीचं देऊळ आणि दरसाल चैत्रातल्या जत्रेला होणारं एक नाटक. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे आणि सासऱ्यांना मामंजी.

नाटक ठरलेलं, राणीच्या लग्नाचं. ते कुणी रचलं ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. राणीचं काम मामंजींचं. एरवी हा माणूस असा की बांधावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडचे बैल मागे वळावेत. पण जत्रा जवळ आली की ते मिशी उतरवायचे. आमच्याकडे मिशी उतरते ती घरातलं कुणी गेलं तर. त्यामुळे परगावचे पाहुणे दारातच तोंड पाडून विचारायचे, "कोन गेलं?"

"कोन न्हाई गेलं," आत्याबाई चुलीपासून ओरडायच्या, "राणी आलीया!"

या नाटकाची एक रीत होती. राणीचं लग्न लागलं की सारा गाव खरोखरीच्या अक्षता टाकायचा. मग गावातल्या सवाष्णी ओळीनं वर चढून राणीची ओटी भरायच्या, खण, नारळ, तांदूळ, सगळं खरं. लग्न खोटं असलं म्हणून काय झालं, लेकीला रिकाम्या ओटीनं सासरी कसं धाडायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. मामंजी पदर पसरून, मान खाली घालून ती ओटी घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या घरात नारळांची रास पडायची.

साऱ्या गावातल्या सवाष्णींनी मामंजींची ओटी भरलेली, फक्त आत्याबाईंनी नाही. कारण त्या नाटकाच्या वेळी देवळामागच्या पडवीत असायच्या. नऊवारीच्या निऱ्या मामंजींना कधी जमल्या नाहीत, आणि आपल्या लुगड्याला दुसऱ्या बाईनं हात लावलेला आत्याबाईंना खपायचा नाही. नेसवून दिलं तरी सुटका नव्हती. प्रवेश संपवून राणी आत आली की सुटलेला कासोटा पुन्हा खोचायचा, घाम पुसायचा, पाणी द्यायचं. पडद्यामागून ऐकून ऐकून त्यांना अख्खं नाटक पाठ झालेलं. पण पुढून त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं. मी सून म्हणून आले आणि पहिल्याच जत्रेत पुढं बसून पोट धरून हसले, आणि ही बाई जन्मभर पडवीत. मला राग यायचा. त्यांना यायचा की नाही, हे बरेच दिवस कळलं नव्हतं.

ते कळलं पुण्याला. जर्मनची दुसरी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. माझी नणंद पुण्याला दिलेली. तिला मुलगा झाला आणि बारशाला जायचं ठरलं. यजमान गुरांपाशी राहिले. मामंजी, आत्याबाई आणि मी नसरापूरपर्यंत बैलगाडीनं आणि पुढं सर्व्हिस मोटारीनं गेलो. गाडीत बसल्या बसल्या आत्याबाईंनी जाहीर केलं, "बारसं झालं की मला येक नाटक बघायचं. म्होरून."

मामंजी खूश झाले. "म्याच दावतो की! बाईच्या कामात नाव काढलेला येक बाप्या हाय पुन्यात. हुबेहूब बाई! लई वर्सं मनात हाय माज्या."

आत्याबाईंनी मांडीवरचं गाठोडं घट्ट आवळलं. त्यांनी वाद घातला नाही की पुढं काहीतरी वाढून ठेवलेलं असतं, हे मला एव्हाना ठाऊक झालं होतं.

बारसं झालं. दुसऱ्या दिवशी रविवार, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं परत. म्हणजे नाटक एकच, रविवारी दुपारचं. नणंदेचे यजमान म्हणाले, आता नाटकं कोण बघतो, बोलपटाला चला. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. एवढ्यात गल्लीतून ताशे वाजवत एक टांगा गेला आणि त्यातल्या माणसानं जाहिरातीचे कागद उधळले. मी धावत जाऊन दोन उचलून आणले, एक गुलाबी, एक पिवळा. आमच्या तिघांत वाचता येणारी मी एकटीच, त्यामुळे मला एकदम भाव आला. दोघं माझ्या पुढ्यात येऊन बसली.

गुलाबी कागद मामंजींच्या त्या नटाचा. पिवळ्यावर कुणा नव्या मंडळीचं नाटक, आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं, स्त्रियांची कामे स्त्रियाच करतील.

"म्हंजी?" आत्याबाईंनी विचारलं.

"म्हणजे बाईचं काम बाईच करणार, आत्याबाई."

"खरीखुरी बाई?"

"खरीखुरी."

"मग ह्योच," त्या म्हणाल्या आणि पिवळ्या कागदावर हात ठेवला.

मामंजी उसळले. "बाईनं बाईचं काम करायचं, त्यात कला ती काय? म्हस दूध देती, तिला काय कोन फेटा बांधतं व्हय?"

"आन बाप्यानं केलं की काय हुतंय? माजं लुगडं फाटतंय!" आत्याबाई म्हणाल्या. "इतकी वर्सं माज्या लुगड्यात बाप्या नेसवला. आता सोताचं लुगडं सोता नेसून आलेली बाई बघायचीय मला. येक डाव." मग माझ्याकडे वळून हळूच, "त्यात लगीन हाय का, बघ."

लग्न आहे की नाही ते कागदावर नव्हतं. मी टांगेवाल्याच्या मागे धावले. तो म्हणाला, "असतंच हो शेवटी!"

आत्याबाईंनी मान डोलावली आणि कोपऱ्यात ठेवलेलं आपलं गाठोडं पुढ्यात ओढलं. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही.

रविवारी आम्ही निघालो, पण ठरलं काहीच नव्हतं. मामंजींनी गृहीत धरलेलं की नेहमीसारखं आपल्याच मनाचं होणार. चालताना पुढं मामंजी, मागं आत्याबाई, त्यांच्या मागं मी, अशी आमची नेहमीची वरात. चौकात दोन रस्ते फुटत होते, डावीकडं एक थिएटर, उजवीकडं दुसरं. मामंजी डावीकडं वळले. आत्याबाई उजवीकडं वळल्या. थांबल्या नाहीत, मागं पाहिलं नाही, गाठोडं काखेत मारून पुण्याच्या त्या गर्दीतून तरातरा चालू लागल्या. मी आपली मध्ये उभी, इकडं बघू की तिकडं.  मामंजी नाही आले तर आत्याबाई दारातून परत फिरतील, आणि मग जन्मात पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाहीत, हे मला दिसत होतं.

मामंजींनी कमरेला हात लावून चाचपलं. मग पाय आपटत उजवीकडं वळले. "चंची तिच्यापाशी हाय," माझ्याकडं न बघता म्हणाले. तंबाखूशिवाय त्यांना घटकाभरही दम निघायचा नाही. आमचं नाटक निवडलं गेलं ते असं.

थिएटरात बायकांना डाव्या हाताला वेगळी बाकं होती, अगदी रंगमंचालगत. पलीकडं मामंजी चंची घेऊन बसले आणि मुद्दाम छताकडं बघत राहिले. पडदा उघडला. नायिका आली, गोल नेसलेलं पाचवारी पातळ, हातात पुस्तक. आत्याबाईंनी तिचा चेहरा पाहिलाच नाही. त्यांचे डोळे निऱ्यांवर.

"हिच्या निऱ्या कुनी काडल्या गं?"

"तिनंच काढल्या असतील."

"सोताच्या सोता? आन आत पानी द्यायला कोन हाय?"

शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मी त्यांना असं डोळे वटारून पाहिलं की पुन्हा बघायची हिंमत झाली नाही. हळूहळू आत्याबाई रंगल्या. नायिका रुसली की त्या रुसायच्या, ती हसली की मांडीवर थाप मारायच्या, आणि ती थाप कितीदा तरी माझ्या मांडीवर पडली. मी मध्येच पलीकडं पाहिलं. मामंजी बाकाच्या कडेवर पुढं सरकून बसले होते. तंबाखू हातावर मळायची तशीच राहिलेली, आणि नायिका बोटं हलवील तशी त्यांची बोटं हलत होती.

शेवटी लग्न आलं. पण कसलं लग्न! नव्या विचारांचं नाटक. ना अंतरपाट, ना भटजी. दोघांनी एकमेकांना हार घातले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पडदा सरकू लागला. आत्याबाईंना वाटलं, शहरातली माणसं विसरली. त्या उठल्याच. "अगं थांब, थांब! वटी ऱ्हायली की पोरीची!"

मी पदर धरेपर्यंत त्या रंगमंचापाशी पोचल्या होत्या. गाठोडं सोडलं. आत घरचे आंबेमोहोर तांदूळ, खण, नारळ, कुंकवाचा करंडा. हे सगळं त्यांनी गावाहूनच बांधून आणलेलं! सगळ्या गावाच्या बायकांनी केलेलं आपण कधी केलं नाही, ते एकदा करायचं, म्हणून ही बाई नाटक शोधत पुण्याला आली होती. मला एकदम सगळं कळलं.

दारावरचा माणूस धावत आला, "ओ बाई, खाली बसा!" मागची माणसं खदाखदा हसली. पण वरच्या त्या नायिकेनं हात वर करून पडदा थांबवला, पुढं आली, दिव्यांच्या ओळीपाशी गुडघे टेकले आणि पदर पसरला. हसणं थांबलं. आत्याबाईंनी तिला कुंकू लावलं, ओटी भरली, उरलेल्या अक्षता दोघांच्या डोक्यावर टाकल्या. नवऱ्याचं काम करणारा नट बिचारा गोंधळून नमस्कार करत सुटला. मग आत्याबाईंनी तिचा पदर दोन बोटांत धरून विचारलं, "लुगडं तुजंच का गं?"

"हो आजी, माझंच."

"बरं केलंस," आत्याबाई म्हणाल्या, आणि जागेवर येऊन बसल्या. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. त्या आपल्यासाठी आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार कात्रजच्या घाटाला लागेपर्यंत मामंजी आमच्याकडं पाठ करून बसले होते. मला वाटलं, आता घरी गेल्यावर आमची काही धडगत नाही. पण ते म्हणाले, "तिनं रुसून हात असा मागं घेतला नव्हं, तसा कंदी सुचला न्हाई मला." थोडं पुढं गेल्यावर आत्याबाईंना विचारलं, "म्या कसा करतो गं हात, रुसल्यावर?"

"मला काय ठावं?" आत्याबाई बाहेर बघत म्हणाल्या. "म्या कवा बघितलंय?"

मामंजींनी त्यांच्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, अगदी शपथेवर. 

पुढच्या चैत्रात मिशी उतरली, पाहुण्यांनी तोंडं पाडली, सगळं नेहमीसारखं. संध्याकाळी आत्याबाई डाळिंबी लुगडं घेऊन पडवीकडं निघाल्या तर मामंजींनी ते हातातून काढून घेतलं. "म्होरं जाऊन बस. म्या नेसतो."

"तुमाला येतंय व्हय?"

"बस म्हनतो न्हवं!"

आम्ही दोघी अगदी पुढच्या घोंगडीवर बसलो. राणी आली. निऱ्या एका बाजूला गोळा झालेल्या, एक पाय पोटरीपर्यंत उघडा, कासोटा आता सुटतो की मग, असा. सगळा गाव हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. पदर तोंडाला लावून नुसत्या बघत राहिल्या. आणि मामंजींनी त्यांना बघितलं, आणि इतकी वर्षं तोंडपाठ असलेलं पहिलं वाक्य साफ विसरले. उभे आपले गॅसबत्तीखाली.  तेव्हा माझ्या शेजारून आत्याबाईंनी ते वाक्य शांतपणे म्हटलं, आणि राणीनं तिथून पुढं उचललं. मग मात्र रुसायच्या प्रसंगाला हात असा काही मागं घेतला की बायकांनी चक्‌चक् केलं.

लग्न लागलं. सवाष्णी उठल्या, पण सगळ्या थांबून आत्याबाईंकडं बघायला लागल्या. त्या वर चढल्या. तबक धरायला मी मागं होते. राणीनं मान खाली घालून पदर पसरला. त्यांनी कुंकू लावलं, नारळ घातला, तांदूळ घातले, आणि राहवलं नाही म्हणून साऱ्या गावासमोर वाकून त्या वाकड्या निऱ्या नीट खोचल्या. मग पदर दोन बोटांत धरला.

"लुगडं कुनाचं गं, राणीबाई?"

मामंजींनी वर पाहिलं. डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलेलं. राणीच्या बारीक आवाजात, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले, "तुमचंच की, बाई."

गाव शिट्ट्या मारत होता. आत्याबाई खाली आल्या, माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "आता गप बस. मला बघू दे."