चिकटवू का, काकाजी?

साल दोन हजार एकवीस. माझं वय एकाहत्तर, आणि माझ्याच भिंतीला पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या त्या माणसाचं बेचाळीस. हातात चिठ्ठी, बोट भिंतीला टेकलेलं, मान माझ्याकडे वळलेली. "चिकटवू का, काकाजी?" पहिल्या चिठ्ठीला विचारलं, ते ठीक. चाळिसाव्या चिठ्ठीलाही विचारणारा माणूस तुम्ही कुठं पाहिला असेल तर मला कळवा.

तो आमचा भाडेकरू. नोकरी पुण्याच्या कॉम्प्युटर कंपनीत, पण कोरोनानं तिथलं ऑफिस बंद केलेलं. बायको आणि मुलगी पवनीकडच्या गावी, आणि गावात मोबाईलला रेंज नाही. लाखनीत हायवेच्या कडेला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत रेंज भरपूर. ट्रकचे भोंगेही भरपूर, ते मी त्याला फुकट दिले.

कंपनीनं त्याच्यामागं एक परीक्षा लावली होती. अ‍ॅजाइल प्रोजेक्ट मॅनेजमेंट. एकदा तो नापास झालेला.

"दुसऱ्यांदा झालो तं कंपनी घरी बसवते, काकाजी."

"मंग आता कुठं बसून राहिला तू?"

तो हसला नाही. मुलगी दहावीत होती त्याची.

मी चौथी शिकलो. पाचवीची गरज पडली नाही. तरी विचारलं, हे अ‍ॅजाइल म्हणजे काय असते. त्यानं समजावलं: सगळं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, तुकडे पाडायचे. रोज सकाळी टोळीनं उभ्या उभ्या बोलून घ्यायचं, काल काय झालं, आज काय करायचं, कुठं अडलं. चुकलं तर तिथल्या तिथं सुधारायचं. आता मी चाळीस वर्षांपासून धानाच्या रोवणीचा मुकादम. वीस बायांची टोळी चिखलात उतरवतो.

"आमच्या बाया काय सकाळी खाटेवर लोळून बोलतेत?" मी म्हटलं. "एवढ्यासाठी परीक्षा?"

भिंतीवर त्यानं तीन रांगा पाडल्या. करायचं, चालू, झालं. धड्यापासून आंघोळीपर्यंत प्रत्येक गोष्टीची चिठ्ठी. एकदा 'आंघोळ' चालूच्या रांगेत आणि हा चहा पीत बसलेला, अंग कोरडं ठणठणीत. "मनात चालू आहे," म्हणाला. आषाढाच्या ओलीनं चिठ्ठ्या गळू लागल्या, तेव्हा आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याला भाताची शितं दिली चिकटवायला. मग मुंग्या आल्या. आधी 'झालं'च्या रांगेवर चढल्या. झालेल्या कामाला पहिल्यांदा मुंग्या लागतात, हे मला नवं नव्हतं.

संध्याकाळी तो सरावाचे प्रश्न मोठ्यानं वाचायचा. बुढी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली असायची.

"टोळीतले दोघं कामावरून भांडले. मुखियानं काय करावं? एक, कोण बरोबर ते ठरवून सांगावं. दोन, वरच्या साहेबाले कळवावं. तीन, त्या दोघांनाच बसवून विचारावं. चार, दोघांनाही काढावं."

मी म्हटलं, एक. तो म्हणाला, दोन. बुढीनं सुपातून मानही वर केली नाही. "त्याईलेच इचारा न. भांडण त्याईचं, तुमचं काय जाते?"

पुस्तकात उत्तर तीन होतं.

असे दहा प्रश्न झाले. बुढीचे नऊ बरोबर. माझे दोन, त्यातला एक चुकून. त्याचं उत्तर प्रत्येक वेळी एकच, साहेबाले विचारावं.

"काहून रे, सारं साहेबालेच विचारतं?"

तेव्हा त्यानं सांगितलं. बाप जवाहरनगरच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या कामावर. घरात एकच शिकवण: वरच्याला विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. तिथं न विचारता हात लावला की हात राहत नाही. क्वार्टरमध्ये दिव्याचं बटण दाबतानाही तो आईला विचारायचा. आता बेचाळिसाव्या वर्षी पुस्तक सांगत होतं की विचारू नको, टोळीवर सोड.

"मग सोड न, बापू," बुढी म्हणाली.

"सोडू का, काकू?"

मी तिला म्हटलं, "सारं लोकाईवर सोडलं तं मुकादम कायले पायजे? नव्व्याण्णव साली आपल्या जिल्ह्याचे दोन तुकडे केले तवा मले कोणं इचारलं होतं?"

"म्हणूनच तं आतापावतो बडबडून राहिले तुमी," ती म्हणाली.

परीक्षा घरूनच होती. कॉम्प्युटरचा कॅमेरा खोली बघणार, म्हणून त्यानं सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. भिंतीवर नुसती वाळलेली शितं उरली. खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आला तर परीक्षा रद्द. मी काठी घेऊन दारात बसलो. बुढीनं कोंबड्या झाकल्या.

नेमक्या तेव्हाच माझ्या टोळीच्या बाया रस्त्यानं आल्या. आज कोणत्या बांधीपासून, म्हणजे धानाच्या कोणत्या खाचरापासून रोवायचं, हे मी सांगितल्याशिवाय कोणी परा, म्हणजे धानाची रोपं, उचलत नाही, असा माझा दरारा. मी तोंडावर बोट ठेवलं. त्या उभ्याच. मी हातानं दाखवलं, जा, तुम्हीच पाहा. त्या एकमेकींकडे पाहत गेल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी मुका मुकादम झालो, तेही भाडेकरूपायी.

तीन तासांनी तो बाहेर आला. पायरीवर माझ्याशेजारी बसला, माझा तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला. विचारलं नाही. तेव्हाच मी समजलो की पास झाला. मग आत जाऊन तो बुढीच्या पाया पडला. माझ्याही पडला, पण नंतर.

दुपारी मी शेतावर गेलो. मी वरची बांधी ठरवली होती. बायांनी खालची धरली होती आणि ती रोवून झाली होती. रात्रीच्या पावसानं तिथं पाणी चढत होतं. वरून सुरू केलं असतं तर उद्या खालच्या बांधीत रोवणीच झाली नसती. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितो.

संध्याकाळी त्यानं सामान बांधलं. आधी पवनीकडे मुलीला तोंड दाखवायचं, मग पुणं, ऑफिस उघडणार होतं. त्यानं एस.टी.ला हात दाखवला, चढला आणि गेला. बुढी रिकाम्या खोलीत उगाच झाडू मारत राहिली. शितं चिकटलेल्या भिंतीला मात्र तिनं पाणी लावू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या आधी शेतावर पोचलो. बाया माझ्याही आधी आलेल्या. बांधाच्या धुऱ्यावर उभा राहिलो, हुकूम द्यायला तोंड उघडलं, मिटलं, आणि विचारलं, "कुठून सुरू करता, बायांनो?"

वाकलेल्या रांगेतून सगळ्यात म्हातारी म्हणाली, "आमी तं कवाच सुरू केलं, मुकादम. तुमी बसा."

मी बसलो.