म्हात्र्यांचा फोरहँड

रविवारी सकाळी आमच्या क्लबच्या हौशी टेनिस स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात राजाभाऊ सामंतांनी चेंडू म्हात्र्यांच्या फोरहँडवर, म्हणजे त्यांच्या भक्कम समजल्या जाणाऱ्या बाजूला मारायला सुरुवात केली. म्हात्र्यांना ते आजवर एकदाही हरवू शकले नव्हते.

म्हात्र्यांचा बॅकहँड कच्चा आहे, हे क्लबात नव्याने येणाऱ्याला पहिल्या चहालाच सांगितलं जातं. त्यामुळे वर्षानुवर्षं जो तो तिथंच मारत आला होता.

"राजाभाऊ, सामना त्यांना आंदण द्यायचाय का?" बाकावरून परांजप्यांनी विचारलं.

"तिकडे कुणी फिरकतच नाही हो. बघून तरी येतो," राजाभाऊ म्हणाले.

गणितात कच्च्या मुलाला घरदार गणितच शिकवतं, आणि त्याचा गोड गळा तसाच राहून जातो. म्हात्र्यांचंही तसंच झालं होतं. सगळ्यांनी मिळून घोटून घेतलेला त्यांचा बॅकहँड आता क्लबातला सर्वांत भरवशाचा फटका होता. फोरहँडची मात्र सवय गेली होती.

तिसऱ्या सेटच्या शेवटी म्हात्र्यांचा आणखी एक फोरहँड जाळ्यात अडकला आणि राजाभाऊ जिंकले. त्यांनी रॅकेट खाली ठेवली आणि तिथल्या तिथे दोन उड्या मारल्या. म्हात्रे हसतच जाळ्यापाशी आले.

"लबाडा, हे कुठं बोलू नकोस."

"मी नाही बोलणार. पण परांजप्यांनी पाहिलंय."

सोमवारी सकाळी सरावाला आलेला प्रत्येक जण म्हात्र्यांच्या फोरहँडवर मारत होता.