अंगठा मागणाऱ्याला आधी त्याचं आधार मागा

बायांनो, आज सकाळी आमी खुरपत हुतो. एक जण मशीन घेऊन बांधावर आला. "मावशी, ब्यांकेतून आलोय. अंगठा द्या, न्हाईतर खातं बंद पडंल."

माझ्या धाकट्या जावंनं लगेच हात धुतला. खुरप्यानं झिजलेला अंगठा उठंना. रेशनला असंच हुतं, म्हणून ती परत परत दाबत बसली.

मी म्हणलं, "थांब बाबा. आधी तुझं आधार दाखव." गाडीत हाय म्हणून गेला तो गेलाच.

तिला तशीच मळक्या साडीवर ब्यांकेत नेली. साहेब म्हणाले, अंगठा उठला असता तर खातं रिकामं झालं असतं. अंगठ्यानं पैसे काढणं बंदच करून आलो.

जाऊ म्हणती, "अक्का, तुमी लई तोंड करता."

करनारच. आज झिजलेल्या अंगठ्यानं वाचली. उद्या तो तुमच्या बांधावर आला, तर तू कोन म्हणून विचारायला लाजणार का?