बिनमापाचा कोट

मी तिसरी पास. चौथीत नाव घातलं होतं, पण गेलो नाही. वसईहून मुंबईला काकाच्या हाताखाली शिवायला बसलो आणि तिथून दुबईला. तिथल्या सत्वा भागात एकाच दुकानात एकतीस वर्षं मडमांचे कपडे शिवले. दारातून आत येणाऱ्या बाईच्या खांद्याचं माप मी मशीनवरून न उठता सांगायचो, आणि चुकलो तर पाव इंच. बढाई नाही मारत. पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

मंदी आमच्या दुकानात अशी आली की नवीन शिवायला येणारे थांबले आणि जुनंच सैल-घट्ट करून घेणारे वाढले. मग त्यातलेही काही कपडे न्यायला परत आले नाहीत. हँगरला नावाच्या चिठ्ठ्या तशाच, माणसं आपापल्या मुलुखाला गेलेली.

माझी मुलगी एका ऑफिसात होती. दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत तिला केबिनमध्ये बोलावून लेटर दिलं. व्हिसा कॅन्सल झाला की तीस दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी नोकरी, नाहीतर विमान. तिचं लग्न ठरलेलं होतं, मे महिन्यात, वसईला. मुलगा आमच्याच बाजूचा, नोकरीला इथेच. बँड, हॉल, सगळं मी सांगून ठेवलेलं. आता ती म्हणाली, लग्न इथेच करतो, दुबईतल्याच ऊद मेथाच्या चर्चमध्ये, येत्या महिन्यात, मंगळवारी. म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर ती राहील.

"उपवासकाळात?" मी म्हटलं. इस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत आमच्याकडे कोणी लग्न काढत नाही.

"फादरनी परमिशन दिलीय, पप्पा. म्युझिक नको, डेकोरेशन नको, एवढंच."

"नवऱ्यामुलाला सांग, मे महिन्यात सुट्टी घे."

"सुट्टी मागितली की परत येऊच नका म्हणतात. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तरी मी म्हणालो, "उंबराचं पाणी नाही, बँड नाही, चार माणसं नाहीत. आपण काय कोणाचं चोरलंय, असं तोंड लपवून लग्न करायला? मी येणार नाही."

"फाइन," ती म्हणाली. "डोंट कम."

लग्नाच्या आदल्या दिवशी सगळी आळी घेऊन वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणायचं, ते उंबराचं पाणी. माझ्या तिन्ही बहिणींच्या वेळी बँडच्या पुढे मी होतो. मुलीच्या वेळी नळाचं पाणी, हे मला पटणारं नव्हतं.

मग आम्ही बोलायचं सोडलं. जेवताना मिठाची बरणी मुलीच्या हाताशी असली तरी मी बायकोकडे मागायचो. लग्नाचा झगा कोण शिवणार हा विषय कोणी काढला नाही. एक दिवस बायकोने काढला.

"ती मॉलमधून रेडीमेड आणणार म्हणते."

"आणू दे."

"अख्ख्या दुबईच्या मडमांना शिवून झालं. घरातल्या पोरीला रेडीमेड. छान."

"तिने मला सांगितलंय का?"

"तुमची मान लाकडाची, तिची लोखंडाची. मी मधे कुठवर उभी राहू?"

त्याच आठवड्यात माझी एक जुनी इंग्रज गिऱ्हाईक दुकानात आली. साठीची असेल. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं आणि त्यांचं सामान बांधायचं चाललेलं. तिने पातळ कागदात गुंडाळलेला कोट आणि स्कर्ट काउंटरवर ठेवला. राखी रंगाची लोकर. तिच्या आईचे लग्नाचे कपडे, लढाईच्या दिवसांतले.

"मास्टर, अस्तर फाटलंय तेवढं बदला," ती म्हणाली. "बाकी हात लावू नका."

माझं इंग्लिश दुकानापुरतं, पण तिचं बोलणं मला सवयीने कळायचं. तिचा आजा तरुणपणी परमुलुखातून इंग्लंडला आलेला, तळघरात बसून शिवणारा शिंपी. त्याच्या मुलीने, म्हणजे हिच्या आईने, परधर्मातला शिपाई निवडला. शिपायाला तीन दिवसांची रजा मिळाली, त्यात सरकारी कचेरीत दहा मिनिटांत लग्न लागलं. साक्षीला दोघं, नंतर चहा. आजा आला नाही. मुलीशी पुन्हा बोललाही नाही, आणि पुढच्याच हिवाळ्यात वारला.

"शिंप्याच्या मुलीला कपडे कोणी शिवले?" मी विचारलं.

"आजीने आणून दिले. म्हणाली, शेजारणीने दिलेत. तेव्हा कापड रेशनवर होतं."

ती गेल्यावर मी अस्तर उसवलं. आत लोकर घासून चकाकत होती, कोपरांशी आणि पोटाशी. म्हणजे जुना पुरुषाचा कोट उसवून, कापड उलटं करून हा बाईचा कापलेला होता. आमच्या काकानेही असे कोट उलटवलेले मी पाहिलेत. छातीवरचा खिसा बुजवला होता, तो बोटाला लागला तरी डोळ्याला दिसेना. काजं हाताची, एकेक टाका मोजून घातलेला. हे शेजारणीचं काम नव्हतं. आणि कॉलरच्या डाव्या पट्टीवर बारीक भोकं होती, पुष्कळ. टाचण्या टोचून ठेवायची सवय असलेल्या माणसाची. माझ्या सगळ्या शर्टांना तशी आहेत.

आणखी एक गोष्ट दिसली. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दोन-दोन बोटं जादा कापड सोडलं होतं. एवढा चांगला कारागीर, आणि एवढं कापड सोडतो, तेही कापड मिळत नसताना? हे कोण करतं? ज्याला माप मिळालेलं नसतं तो. पाठीला कंबरेपाशी चार मोठे वेडेवाकडे टाके होते, वेगळ्याच दोऱ्याचे. कोट सैल झाला होता आणि नवरीने आयत्या वेळी कोणाकडून तरी, नाहीतर स्वतःच, आवळून घेतला होता.

कपडे न्यायला ती आली तेव्हा मी नवं अस्तर एका बाजूने उघडंच ठेवलं होतं. बोट लावून तिला एकेक दाखवलं. शेवटी भोकं दाखवली आणि माझी कॉलर दाखवली. "शेजारीण नाही," मी म्हणालो. "तुमचा आजा. स्वतःचा कोट."

तिने पर्स उघडली, बंद केली. मग म्हणाली, "आईला हे माहीत नव्हतं." आणि थोड्या वेळाने, "अस्तर शिवून टाका, मास्टर."

त्या रविवारी मी पांढरं साटिन आणलं. आता कोणालाही वाटेल की मी मुलीला समोर उभं करून माप घेतलं असेल. नाही घेतलं. मापाच्या वहीत तिचं तीन वर्षांपूर्वीचं माप होतं, त्यावरून कापलं आणि शिवणीत दोन-दोन बोटं सोडली. झगा बायकोच्या हातात दिला. "शेजारणीने दिला म्हणून सांग," असंही म्हणालो. बायकोला त्यातलं काही कळलं नाही. "कुठली शेजारीण? बाजूला तर सगळे बॅचलर राहतात," ती म्हणाली.

मंगळवारी मी दुकानात गेलो. दहाला गेलो, अकराला शटर ओढून टॅक्सी केली. लग्नाला जात नव्हतो, फिटिंग बघायला जात होतो, असं मी स्वतःला सांगितलं. चर्चमध्ये वेदीवर एक फूल नाही, ऑर्गन बंद. बाकांवर सात माणसं. मी मागे खांबाशी उभा राहिलो.

मुलगी आत आली आणि मला खांदा दिसला. उजवा खांदा दंडावर उतरला होता, पाठीत कापड पिशवीसारखं लोंबत होतं. महिनाभरात ती एवढी वाळली होती आणि मी रोज तिच्यासमोर जेवत होतो. माझ्या हातून एवढं वाईट फिटिंग कधी बाहेर गेलं नव्हतं.

मी चालत पुढे गेलो. फादर पुस्तक उघडून थांबले. गळ्यात टेप तसाच राहिला होता, कॉलरच्या टाचण्या काढून तोंडात धरल्या आणि पाठीमागून झगा आवळायला लागलो.

"पप्पा," ती मान न वळवता हळूच म्हणाली, "माप का नाही घेतलंत?"

"हलू नको," मी म्हणालो. तोंडात टाचण्या होत्या, जास्त बोलता येत नव्हतं.

शेवटची टाचणी लागेपर्यंत फादरनी सुरुवात केली होती. आता मागे खांबाकडे जाणं बरं दिसलं नसतं. मी तिथेच तिच्या बाजूला उभा राहिलो.