सहासष्ट की सदुसष्ट

पन्नासच्या पुढचे मराठी आकडे माझे कच्चे आहेत, हे सांगायलाही लाज वाटते. इंग्रजी शाळा, मग इंजिनिअरिंग, मग अमरावतीत बसून दिवसभर लोकांच्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळणं. कुणी एकोणसाठ म्हटलं की अजून मनात हिशेब करावा लागतो. ह्या कच्चेपणापायी एका माणसाची नोकरी गेली.

अकोल्यात बियाण्यांच्या एका ऑफिसात मी चाळीस नवे टेबलफोन बसवले होते, नेटवर्कवर चालणारे. आधी तिथं जुनं एक्स्चेंज होतं आणि त्यावर ऑपरेटरकाका. त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नसे. पण नुसत्या हॅलोवरून माणूस ओळखायचे, आणि शेतकऱ्यांना सगळे नंबर ठणठणीत मराठीत सांगायचे. साहेबांचं म्हणणं, नवी सिस्टिम आपोआप फोन उचलते, मग माणूस कशाला? मी भांडले. काका स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या, बोलणाऱ्या कॉम्प्युटरवर सगळं करतात, एक आठवडा तर बघा, म्हटलं.

"ठीक. सोमवारपासून एक आठवडा," साहेब म्हणाले. "एक गडबड झाली की संपलं."

शनिवारी काकांना शेजारी बसवून सगळं समजावलं. फोन चालू झाला की राउटरमधल्या डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या प्रोग्रॅमकडे, स्वतःसाठी पत्ता मागतो. पत्त्याबरोबर त्याला काही सूचना मिळतात, त्यांना ऑप्शन म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर असतो. सहासष्टमध्ये लिहायचं की तुझी सेटिंग कोणत्या सर्व्हरवर ठेवली आहे. सदुसष्टमध्ये फक्त फाइलचं नाव. सहासष्ट चुकला की फोन मुका.

"म्हंजे स्टँडवर उतरवून देल्लं, अन् कोनाच्या घरी जाचं ते सांगतलंच नाई," काका हसले.

रविवारी व्होल्टेज वाढून राउटर जळाला. सोमवारी सकाळी तिथल्या वायरमननं दुसरा लावला, पण त्यात ऑप्शन कुठले असायला! मी एस.टी.त होते, नुकतंच बडनेरा गेलं होतं. काकांनी मोबाइलवरून फोन केला.

"बेटा, साहेब याच्या आंधी करून टाकू. मी कॉम्प्युटरपुढं बसलोच आहो. सांग."

खिडक्या खडखडत होत्या, पुढच्या सीटवर कुणीतरी ओकलं होतं, माझं डोकं फिरलेलं. काकांशी बोलायचं म्हणून मी मराठीत म्हटलं, "सदुसष्टमध्ये सर्व्हरचा पत्ता टाका." इंग्रजीत सांगितलं असतं तर जीभ घसरली नसती.

"सदुसष्ट? परवा तं तू सहासष्ट म्हनत होती ना वं?"

"सांगून राहिली ना काका! तेवढं करा. आता मले शिकवू नका."

"बरं बाप्पा," ते म्हणाले आणि सांगितलं तसंच केलं. मग रेंज गेली ती मूर्तिजापूरपर्यंत आलीच नाही.

पोचले तर चाळीसच्या चाळीस फोन मुके. पेरणी तोंडावर आलेली, आणि साहेब सगळ्यांसमोर काकांवर ओरडत होते. स्क्रीन बघितली. सर्व्हरचा पत्ता सदुसष्टमध्ये होता, मी सांगितला तसाच. पत्ता सदुसष्टमधून काढून सहासष्टमध्ये टाकायला दोन मिनिटं लागली. फोन एकेक करून चालू झाले.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"पत्ता चुकीच्या नंबरात पडला होता."

"पडणारच! आंधळ्याच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार?"

बोलायची वेळ तीच होती. मेली ही जीभ, एरवी कुणाच्या बापाला ऐकत नाही. मी केबल गुंडाळत राहिले. काका खुर्चीत सरळ बसून होते. तेही काही बोलले नाहीत, आणि त्यांना तर सगळं ठाऊक होतं.

साहेबांनी महिनाअखेरीस त्यांना मोकळं करायचं ठरवलं. म्हणाले, सिस्टिममध्ये मराठी आवाज लागेल, मॅडम, तुमचाच टाका, आत्ताच. शांत खोली एकच होती, काकांची. त्यांनी उठून चाचपडत पंखा बंद केला आणि भिंतीशी बसले. मी मोबाइल तोंडाशी धरला. "नमस्कार. बियाण्यांच्या चौकशीसाठी एक दाबा. तक्रारीसाठी दोन दाबा." आवाज फाटला. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. आपल्यामुळे बिघडू नये म्हणून काकांनी खोकला दाबून धरला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी हात वर केला.

"थांब बेटा. 'एक दाबा' म्हटल्यावर जराशीक थांबत जाय. बुढ्या मानसाले बटन सापडाले टाइम लागते."

मी थांबून थांबून म्हटलं.

"हां," काका म्हणाले. "आता बराबर."