नापासबाईंची सकाळची फेरी

अख्ख्या गल्लीत कोंबड्या पाळायची अक्कल फक्त आपल्यालाच आहे, याबद्दल नापासबाईंना तिळमात्र शंका नव्हती. शंका यायला दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ती सवय त्यांनी कधी लावूनच घेतली नव्हती. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात त्या जन्मभर तपासणीच्या टेबलावर बसल्या. समोरून बाटली आली की उजेडात धरायची, आणि काचेत सुईच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला तरी "नापास!" म्हणून बाजूला टाकायची. त्यावरून हे नाव पडलं. निवृत्त झाल्या आणि बाटल्या एकदाच्या सुटल्या, पण शेजारीपाजारी तावडीत सापडले.

कोपऱ्यावरच्या शिंप्यानं हौसेनं चार कोंबड्या आणल्या, तर बाई न बोलावता त्याच्या परसात हजर.

"हे खुराडं म्हणायचं की ट्रंक? वरच्या बाजूला जाळी कुठाय? कोंबडीला थंडी मारत नाही हो, कोंदट हवा मारते! आणि पाणी बसायच्या दांडीखाली ठेवलंय. रात्रभर त्यात वरून काय पडतं, ते एकदा स्वतः पिऊन बघा."

शिंपी गळ्यात टेप अडकवून गरीब चेहऱ्यानं उभा. अंडी घालायची पेटी दांडीपेक्षा उंच लावलीत, मग कोंबड्या पेटीतच झोपणार आणि घाण करणार, यावरही त्याला चार शब्द ऐकावे लागले. बरं, सल्ला अगदी बरोबर, हीच तर खरी पंचाईत! बाईंचं चुकत असतं तर लोकांनी त्यांना केव्हाच वाटेला लावलं असतं. सांगणं बरोबर आणि सांगायची तऱ्हा अशी, की ऐकणाऱ्याला वाटावं, कोंबड्या सोडून द्याव्यात आणि कासव पाळावं.

पण शिंप्याचं काय, तो परका. खरं तोंडसुख घ्यायला बाईंना हक्काचं माणूस होतं. त्यांच्या परसामागची अरुंद बोळ ओलांडली की धाकट्या बहिणीचं घर. धाकटीचा नवरा गेला आणि ती भिंतीकडे तोंड करून जी पडली, ती पडलीच. जेवण समोर नेऊन ठेवलं तर खायची, नाहीतर नाही. मग एक दिवस कुणाला काही न विचारता टोपली भरून पाच कोंबड्या घेऊन आली. त्यांना नावंसुद्धा ठेवली. एक राणीसाहेब, एक चिडकी, एक भोळी, आणि अशीच आणखी दोन.

"कोंबड्यांशी गप्पा मारतेस? त्या काय बोलणार तुझ्याशी, कपाळ!" बाई म्हणाल्या.

"ताई, सकाळी त्या आरडाओरडा करतात म्हणून मी उठते. दार उघडावंच लागतं ना कुणालातरी."

माणसाला उठायला कोंबडी कशाला लागते, हे बाईंना समजेना. आपल्याला समजत नाही ती गोष्ट वेडगळ, हा त्यांचा साधा हिशेब. धाकटी कोंबड्यांना पाव भरवते, वेडगळ. भोळी खुडूक होऊन रिकाम्या पेटीत अंडी उबवायला बसली तर तिला उचलून बाहेर काढायचं सोडून धाकटी तिच्याजवळ बसून समजूत काढते, ठार वेडगळ. बाई रोज सकाळी जाऊन हे सगळं बघून येत आणि दिवसभर पुरेल एवढी नाकं मुरडून घेत.

या फेरीला शिस्त होती. पहाटे उठून आधी आपल्या जुन्या कोंबड्या: दाणे, पाणी, शिंपल्यांचा चुरा. मग परसाच्या टोकाला अवजारांच्या खोलीत बंद केलेल्या तीन नव्या पांढऱ्या कोंबड्या. नवी कोंबडी महिनाभर वेगळी ठेवायची, जुन्यांत एकदम सोडायची नाही, हे बाई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या आणि स्वतः काटेकोर पाळायच्याही. नव्यांपैकी एक जराशी शिंकत होती. म्हणून तर बाई जुन्यांचं सगळं आटोपल्याशिवाय त्या खोलीचं दार उघडत नसत. नव्यांचं झालं की तशाच मागच्या फाटकातून धाकटीकडे. तिथे थेट खुराड्यात शिरायचं, पायानं भुसा उकरून बघायचा, एकेक कोंबडी काखेत धरून चोच उघडायची आणि ठपके ठेवायचे.

एका सकाळी राणीसाहेबांचा डोळा सुजलेला दिसला. नाकातून पाणी, त्याला घाण वास. दोन दिवसांत भोळीचं तोंडही तसंच सुजलं.

"झालं! घ्या आता लाडाचं फळ. पाव चारा अजून! भुसा बघ कसा ओलाकच्च आहे. तुला सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"माझ्यामुळेच झालं का गं ताई?" धाकटीचा आवाज इतका बारीक होता, की दुसऱ्या कुणाला पाझर फुटला असता.

"मग काय माझ्यामुळे?"

भोळी मेली. त्या दिवशी धाकटी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाई गेल्या तर खुराड्याचं दार उघडलेलं नव्हतं आणि बहीण पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझ्या हातात काही जगतच नाही," एवढंच म्हणाली. बाई चरकल्या. त्या काही दगड नव्हत्या. पण चरकल्यावर माणसं जवळ बसतात, बाई आणखी ओरडल्या. उठवून बसवली, तोंड धुवायला लावलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं कोंबड्या पाहिल्या, हातमोजे काढले आणि म्हणाली, "संसर्गाची सर्दी आहे. पाण्यातून औषध चोचीत पाजायचं. उरलेल्या वाचतील बहुतेक. पण इथे ही आली कुठून? नवीन पक्षी आणला होता?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"बाहेरचं कुणी खुराड्यात येतं?"

"छे!" धाकटीनं तोंड उघडायच्या आत बाईच बोलल्या. "हिच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही. मी येते रोज, तेवढंच. आणि मी म्हणजे काही अडाणी नव्हे. माझ्याकडे नव्या आणल्यात, त्यातली एक शिंकते, पण महिनाभर वेगळ्या ठेवल्यात. आधी मी माझ्या जुन्यांचं करते, मग नव्यांचं, म्हणजे नव्यांचं काही जुन्यांना लागायला नको. जुन्यांना अजून साधी शिंक नाही. विचारा कुणालाही."

"छान. आणि नव्यांचं झाल्यावर?"

"नव्यांचं झालं की इकडे—"

बाई थांबल्या. डॉक्टरीणबाईनं त्यांच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं आणि मग शांतपणे सांगितलं, की हा रोग हातांवरून, कपड्यांवरून, चपलांवरून जातो. आजारी पक्ष्यांकडे सगळ्यात शेवटी जायचं आणि तिथून कुठेही जायचं नाही. ती औषध देऊन निघून गेली.

परसात दोघी बहिणी उरल्या. धाकटी उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती बाईंकडे सरळ बघत होती.

"म्हणजे तुला माहीत होतं. त्या शिंकतात हे माहीत होतं, लागण होते हेही माहीत होतं. तुझ्या कोंबड्या जपल्यास की नीट."

"अगं, मला काय स्वप्न पडलं होतं? माझ्या लक्षातच आलं नाही!"

"तेच म्हणतेय मी. माझ्या कोंबड्या तुझ्या लक्षातच आल्या नाहीत. त्यांनाही काही व्हायला नको, असं तुझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही. मी पाळलेल्या ना त्या! त्यांचं काय मोठंसं." तिचा आवाज आता बारीक नव्हता. "भोळी माझ्यामुळे मेली म्हणून मी कालपासून मरतेय, ताई."

बाईंना चुकलं माझं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ओठांवर आले तेव्हा ते निराळेच होऊन आले. "औषध कोण पाजणार आता? तुला कोंबडी धरता तरी येते का?"

धाकटीनं वाकून चिडकीला उचललं, काखेत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं फाटक उघडून ती वाट बघत उभी राहिली. बाई बाहेर पडेपर्यंत ती तिथेच होती. मग आतून कडी लागली.

दुसऱ्या सकाळी बाईंनी जुन्यांना दाणे घातले, नव्यांना घातले, हातपाय साबणानं खसखसून धुतले आणि धुतलेल्या अनवाणी पायांनी बोळ ओलांडून फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आत धाकटी उठलेली होती. बादलीचा आवाज येत होता आणि तिच्या गप्पा चालू होत्या: काय गं राणीसाहेब, आज डोळा उघडलात वाटतं, घ्या, थोडं पाणी घ्या.

"धाकटे," बाईंनी हाक मारली, "कशा आहेत गं?"

बादलीचा आवाज थांबला. बाई कडीकडे बघत राहिल्या. मग आत पुन्हा गप्पा सुरू झाल्या, कोंबड्यांशी.