टीपमावशीची राखणदारीण

"मशीन ठेवणार कुठे? माझ्या डोक्यावर?"

"हळू बोल. आई येईल एवढ्यात."

"येऊ द्या की. त्यांच्याच मशीनबद्दल बोलतेय मी. हॉलमध्ये सोफा, आत कपाट आणि बाल्कनीत तुमची ती सायकल. लग्नाआधी शेवटचे बसला होता तिच्यावर."

"मशीन आणायचंच नाहीये. विकून टाकू. या वयात तिला कशाला हवंय शिवणकाम?"

"मग त्या दिवसभर करणार काय?"

"आराम."

"आराम! अहो, तुमच्या आईनं कधी आराम केलेला पाहिलाय तुम्ही? चार दिवसांत माझे पडदे उसवून परत शिवायला घेतील त्या!"

मुलाच्या फ्लॅटच्या दाराबाहेर टीपमावशी हे सगळं ऐकत उभी होती. एका हातात सुनेसाठी शिवून आणलेल्या उशीच्या खोळी, दुसरा हात बेलच्या बटणावर. पडद्यांचं ऐकून तिला राग आला नाही, कारण ते पडदे एका बाजूला खरंच तोकडे होते. काळजात चर्र झालं ते 'विकून टाकू' ऐकून. तिनं बेल दाबली, आत गेली, खोळी दिल्या, चहा प्यायली आणि ऐकलेलं पोटात ठेवून घरी आली.

टीपमावशी हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. गल्लीतली माणसं फाटकं-उसवलेलं घेऊन यायची आणि म्हणायची, "मावशी, एवढी एक टीप मारून द्या ना." ती एक टीप मारता मारता नवरा गेला, मुलगा शिकला, नोकरीला लागला, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. मावशी आपली होती तिथंच. रस्त्याला लागून एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि पुढच्या दारात उजेडाला तोंड करून मशीन.

हे एकदम तिला न्यायचं का निघालं, तर शेजारी चोरी झाली म्हणून. शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहायचे. सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणायची आणि ते त्या हाकेला ओ द्यायचे. साहेब लग्नाला गेलेले असताना चोर आत शिरला. घरात नेण्यासारखं काही सापडेना, तेव्हा त्यानं रिकाम्या हाती जायची लाज वाटून की काय, पितळेचे नळ उपटून नेले. साहेब परत आले तर घरात घोट्याएवढं पाणी. खुर्चीवर पाय वर घेऊन बसले आणि चोराला अगदी ऑफिसच्या भाषेत शिव्या देत राहिले.

मावशी खोळी देऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलगा आईकडे धावत आला. बरोबर सून.

"आई, तू एकटी. दार दिवसभर सताड उघडं. कुणीही यावं!"

"कुणीही यावं म्हणूनच तर उघडं असतं. गिऱ्हाईक काय खिडकीतून येईल? आणि उजेड कुठून येणार रे? सुईत दोरा वासावर ओवू?"

"ते काही नाही. तू आमच्याकडे चल."

मावशीनं सुनेकडे बघितलं. सून छताकडे बघत होती. छताकडे बघत बघतच म्हणाली, "अहो, कुत्रा पाळला तर?"

मुलगा विचारात पडला. शेवटी त्यानं निकाल दिला. महिनाभरात कुत्रा आणायचा. तो चोराला पिटाळणारा हवा, पण नातवंडांच्या अंगावर जाणारा नको. पारख तो स्वतः करणार. कुत्रा नापास झाला, तर घराला कुलूप.

"आणि मशीनचं?" मावशीनं विचारलं.

"त्याचं बघू."

काय बघणार ते मावशीला ठाऊक होतं. ती दुसऱ्या दिवशी मापाचा टेप गळ्यात घालून कुत्रा बघायला निघाली.

पहिला कुत्रा काळा, वासराएवढा. मालक अभिमानानं म्हणाला, "मावशी, चोराचं सोडाच, हा असताना माझा सख्खा मेहुणा आत येत नाही."

"मग माझं गिऱ्हाईक कसं येणार?"

"ते तुम्ही बघा."

मावशीनं पट्ट्यासाठी मान मोजायला टेप पुढे केला. काळ्यानं नुसता ओठ वर उचलला. आतले दात बघून मावशीनं टेप गुंडाळला आणि मालकाला म्हणाली, "मेहुण्याला माझा नमस्कार सांगा."

दुसरा पांढरा, झुबकेदार, मांडीत मावेल एवढा. तो भुंकला तेव्हा मावशीला वाटलं मशीनला तेल हवंय. त्यानं टेपचं टोक चावून टाकलं. वर त्याचे केस तिच्या काळ्या साडीला असे चिकटले, की घरी येऊन अर्धा दिवस ती स्वतःलाच वेचत बसली. लोकांच्या कपड्यांवर हे केस गेले असते, तर गिऱ्हाईक चोराच्या आधी पळालं असतं.

तिसरी सापडली लाकडाच्या वखारीत. तिथला म्हातारा राखणदार काम सोडून लेकीकडे राहायला चालला होता आणि त्याच्या कुत्रीला ठिकाण हवं होतं. विटकरी रंगाची, एक कान उभा, एक पडलेला. मावशी फाटकात आली तसा तिनं आवाज टाकला. असा, की वखारीतल्या फळ्या थरथरल्या.

"चावते का हो?"

"दात आहेत, पण ते जेवायला. तिचं सगळं काम आवाजावर."

मावशीनं भीत भीत टेप काढला. कुत्रीनं हनुवटी वर केली आणि मान ताठ धरून उभी राहिली, जन्मभर शिंप्याकडे जाऊन आलेल्या माणसासारखी. माप झालं, शेपूट हलली. मावशी म्हणाली, "चल गं बाई." बसण्याआधी कुत्री स्वतःभोवती तीनदा गोल फिरायची, म्हणून मावशीनं मशीनमधल्या फिरत्या रिळावरून तिचं नाव ठेवलं बॉबिन.

बॉबिन मशीनखाली, पायडलशेजारी बसायला लागली. तिथून तिला काय दिसायचं? माणसं आत येतात. उभी राहतात. दोन्ही हात बाजूला उचलतात. मावशी टेप लावते. मग ती हात खाली करतात आणि निघून जातात. बॉबिननं त्यावरून आपल्या मनाशी नियम केला, की या घरात माणसानं असंच वागायचं असतं. जो हात वर करील तो आपला. जो करणार नाही, त्याच्यावर वखारीचा आवाज. आणि एकदा हात वर केले, की टेप अंगाला लागेपर्यंत खाली करायचे नाहीत.

पहिले काही दिवस गोंधळ झाला. दूधवाल्याची किटली सांडली. गॅसवाला सिलिंडर दारातच टाकून पळाला. मग लोकच शहाणे झाले. दूधवाला उंबऱ्यावर किटली ठेवायचा, हात वर करायचा, मावशी मशीनवरून न उठता त्याच्या खांद्याला टेप टेकवायची, "हं, झालं." सुनेबरोबर आलेल्या नातवंडांना तर खेळच मिळाला. ती दिवसभर हात वर करून आत-बाहेर करत आणि बॉबिन त्यांचे कोपर चाटत बसे.

एक साहेब तेवढे अडून राहिले. "मी पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली. कुत्र्यापुढे हात वर करणार नाही."

"नका करू. पण तुमच्या शर्टाची बटणं माझ्याकडे आहेत."

आठवडाभर साहेब छातीवर हात धरून फिरले. मग आले, इकडे तिकडे बघितलं आणि आळस दिल्यासारखं करून हात वर केले.

महिना भरला. रविवारी भर दुपारी सून पुढच्या दारानं आली, हात वर करून, टेप लावून घेऊन बसली. "हे मागनं येतायत," ती हळूच म्हणाली. "चोर होऊन. माझी ओढणी तोंडाला बांधलीय. मी काही सांगितलं नाही हं तुम्हाला."

तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. बॉबिन मशीनखालून सुटली आणि तिनं जो आवाज काढला, त्यानं मावशीचा दोरा तुटला. आतून "अगं आई गं!" असं ऐकू आलं. दोघी धावल्या. चोर ओट्याला पाठ लावून उभा होता आणि भीतीनं त्याचे दोन्ही हात आपोआप वर गेले होते.

हात वर गेले मात्र, बॉबिन गप्प. शेपूट हलवत पुढे गेली आणि चोराचा गुडघा चाटला.

ओढणीतून मुलाचा आवाज आला. "हे काय! चोरानं हात वर केले की झालं? ही तर त्याचं स्वागत करतेय! आई, नापास. सामान बांध."

 मावशी दाराची चौकट धरून उभी राहिली. तिथून तिला मशीन दिसत होतं, तुटलेला दोरा लोंबत असलेलं.

सून कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "अहो, चोर हात वर करून उभा राहिला, तर चोरी कोणत्या हातानं करणार?"

"म्हणजे?"

"तो डबा उचला बघू."

मुलानं डब्याकडे हात नेला. बॉबिननं वखारीच्या आवाजात घर डोक्यावर घेतलं. हात वर गेला. शांतता. ओढणी सोडायला गेला, पुन्हा तोच गजर. "हिला आवर ना, आई! हात भरून आले माझे!"

"मी काय आवरणार? माप घेतल्याशिवाय ती कुणाला सोडत नाही." मावशीनं गळ्यातला टेप काढला. "नीट उभा राहा. श्वास सोड."

"सोडलाय."

"मग हे पोट तुझंच आहे."

छाती झाली, बाही झाली. खांद्यावर टेप लावता लावता मावशी थांबली. नोकरी लागल्यापासून तो तयार शर्ट विकत घ्यायचा. त्याचं किती वर्षांत तिनं मापच घेतलं नव्हतं. "डावा खांदा अजून उतरलेलाच आहे रे. शाळेत होता तसा. मी तिकडे एक घडी जास्त घालायची."

"तरीच!" सून म्हणाली. "म्हणून यांची कॉलर कायम एका बाजूला पळते! मी आपली इस्त्रीला दोष देतेय."

मुलाचे हात खाली आले. बॉबिन निवांत जाऊन गोल गोल फिरून बसली. त्यानं ओढणी सोडली, घाम पुसला आणि खाली बघत विचारलं, "शर्ट कधी मिळेल?"

"मशीन विकलं नाहीत तर पुढच्या रविवारी."

त्यानं चमकून बायकोकडे बघितलं. बायकोनं खिडकीच्या पडद्याकडे. मग तोच हसायला लागला. "पांढरा नको. निळा शिव."

त्यानंतर न्यायची गोष्ट कुणी काढली नाही. चोर आला का? ते नक्की सांगता येणार नाही. एकदा मावशी दोरे आणायला गेली होती, दार नेहमीसारखं उघडं. परत येते तो खोलीच्या मधोमध एक अनोळखी माणूस हात वर करून उभा, घामानं निथळलेला, आणि समोर बॉबिन. म्हणाला, "नळ तपासायला आलोय." मावशीनं सवयीनं त्याचं माप घेतलं. "पँटला सव्वा मीटर लागेल. कापड घेऊन ये." तो जो गेला, तो कापड घेऊन काही आला नाही.

वर्षं गेली. बॉबिनचं तोंड पांढरं झालं, मावशीचा चष्मा जाड झाला. संध्याकाळी शिवलेले कपडे घरोघर पोचवायला दोघी सारख्याच चालीनं निघायच्या. मावशीचं आयुष्यातलं शेवटचं काम झालं तेही असंच, कसलाही गाजावाजा नसलेल्या एका संध्याकाळी. साहेबांच्या पायजम्याला नवं इलॅस्टिक घातलं होतं, तो द्यायचा होता.

साहेबांनी दार उघडलं, बॉबिनला बघितलं आणि हात वर केले. "घर माझं, दार माझं, आणि हात मीच वर करायचे."

"मग करा खाली."

"आणि हिची बोलणी कोण खाईल?"

मावशीनं त्यांच्या खांद्याला टेप टेकवला. "बारीक झालात, साहेब."

"वय झालं, मावशी."

"पुढच्या वेळी दोन बोटं आत घेते."

पायजमा देऊन ती बॉबिनच्या मागोमाग घरी आली. टेप खुंटीला अडकवला, मशीनवर झाकण घातलं, आणि दार तेवढं नेहमीसारखं उघडं ठेवलं.